ढोरगुंजेला आवतण

आमच्या ह्यांना गप्प बसवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. चिंतामणराव म्हणजे तहसिलीतले निवृत्त अव्वल कारकून, चौतीस वर्षं नोकरी. तेवढ्या काळात कितीतरी तहसीलदार आले आणि ह्यांचं ऐकून घेऊन बदलून गेले. समोरच्यानं वाक्य सुरू केलं की हे ते पुरं करतात. बरेचदा चुकीचं पुरं करतात, पण तसं सांगायला आपली पाळीच येत नाही. देऊळगाव राजात आमच्या दारावर भाजी घेऊन येणारी शालूबाई हल्ली भाव सांगत नाही, कारण तोही हेच सांगतात. अशा माणसाला झाडपाल्याचं औषध देणाऱ्या मनकर्णाबाईंनी अट घातली की संध्याकाळपासून सकाळपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मी तोंडाला पदर लावून हसले.

हसले खरी, पण ते औषध मला हवंच होतं. दोन वर्षं झाली, ह्यांना झोप नाही. जालन्याच्या डॉक्टरांनी गोळी दिली. गोळीनं डोळा लागायचा, पण उठल्यावर पाय लटपटायचे. डिसेंबरात न्हाणीघरात पडले, कपाळाला चार टाके. डॉक्टर म्हणाले, गोळी हळूहळू कमी करत आणायची, पुन्हा पडले तर खुब्याचं हाड जाईल. मी विचारलं, "आस्कंद, म्हणजे अश्वगंधा, दिला तर?" त्यांनी रक्त तपासलं, थायरॉइड नीट आहे ना पाहिलं, आणि म्हणाले, "द्या. पण गोळी मी सांगेन तशीच उतरवायची, आपल्या मनानं बंद करायची नाही."

खरं तर आस्कंद घरातच होता. आमची एकुलती एक मुलगी इरा पुण्याला औषधांच्या कारखान्यात आहे. तिथं आस्कंदाच्या मुळ्या पोत्यांनी येतात. त्यात पालापाचोळा मिसळलाय का, मुळीत औषधाचा अंश किती, हे ती यंत्रावर तपासते. त्याच आस्कंदाच्या कॅप्सूलची बाटली तिनं दिवाळीत पाठवली होती. ह्यांनी पाठवणाऱ्याचं नाव वाचलं आणि बाटली न उघडता कपाटावर ठेवली. आयुष्यात कधी फडकं हातात न धरलेला हा माणूस त्या बाटलीवरची धूळ मात्र दर दोन दिवसांनी पुसतो. मी पाहिलं नाही असं त्यांना वाटतं.

कारण असं की दोन वर्षांपूर्वी इरा नवऱ्याचं घर सोडून बॅग घेऊन आमच्या दारात आली, तेव्हा हे म्हणाले होते, "या घरात फोन करायचा असेल तर सासरहून कर." ती उंबऱ्यावरूनच परत फिरली. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं बंद, आणि झोपही तेव्हापासूनच गेली. हे दोन्ही एकाच दिवशी घडलं हे ह्यांना कुणी सांगायचं? मी सांगायला जायचे, तर माझं वाक्यसुद्धा हेच पुरं करायचे.

मग मला मनकर्णाबाई आठवल्या. माझे वडील साखरखेर्ड्याला शिक्षक होते, तेव्हा मनकर्णाबाई आमच्या शेजारी राहायच्या. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. आता पंचाहत्तरी ओलांडली, तरी बाळंतिणीला, आजारातून उठलेल्याला, झोप उडालेल्याला मुळी देतात. आस्कंदाला त्या ढोरगुंज म्हणतात. मुळी धुऊन तुकडे करायचे, सावलीत सुकवायचे, कुटून वस्त्रगाळ करायचे आणि रात्री कपभर दुधात उकळून चमचाभर तूप घालून घ्यायचं, दीड महिना. पानं गरम करून गळवावर बांधतात, थकलेल्या बैलालाही मुळी घालतात. आम्ही साखरखेर्ड्याला त्यांच्याकडे गेलो, तेव्हा हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी ती अट सांगितली.

अट साधी होती. ज्याचं दुखणं त्यानं शनिवारी दिवस मावळताना झाडापाशी जायचं, हळदकुंकू वाहायचं, अक्षता ठेवायच्या आणि मनातल्या मनात आवतण द्यायचं, की उद्या सकाळी तुला न्यायला येतो, माझ्याबरोबर चल. तेव्हापासून रविवारी उगवतीला मुळी खणून हातात येईपर्यंत त्यानं बोलायचं नाही. आपली सावली झाडावर पडू द्यायची नाही, म्हणून तोंड उगवतीकडे करून बसायचं. बाकीचे बोलले तरी चालतं.

ह्यांनी लगेच कायदा काढला. मनकर्णाबाईंचा मुलगा गोकुळ यानं यंदा एक एकर ढोरगुंज लावली होती. व्यापारी येतो, जाड मुळ्या वेगळ्या, बारीक वेगळ्या करतो आणि गाडी नीमचच्या बाजाराला जाते. हे म्हणाले, "तुमचा मुलगा एक एकर ट्रॅक्टरनं उपटतो. त्याला आवतण नाही, मौन नाही. मग मलाच का?"

मनकर्णाबाई म्हणाल्या, "ते इकायचं हाये, भाऊ. हे तुमाले घ्यायचं हाये."

"पण मुळी तर तीच ना?"

"मुळी तेच हाये. मानूस येगळा हाये. तुमाले नाई जमत तर राहू द्या, गोकुळ देते पावशेर बांधून."

नाही जमत, हे शब्द ह्यांना सोसत नाहीत. त्यांनी अट मान्य केली.

पहिल्या शनिवारी ह्यांनी बांधावरच्या पाच झाडांना आवतण दिलं आणि आम्ही परत निघालो. दाराशी पोचतो तोच पलीकडच्या ओट्यावर रंगराव नावाचे शेजारी कुणाला तरी सांगत होते की वारसाचा फेरफार तलाठी तिथल्या तिथं मंजूर करतो. मी ह्यांचा दंड धरला. पण दंड धरून तोंड थोडंच बंद होतं? "अहो, आधी नोटीस निघते! पंधरा दिवस हरकतीला द्यावे लागतात!" आवतण दिल्याला दहा मिनिटंही झाली नव्हती. गोकुळची बायको जयमाला आतल्या खोलीत जाऊन हसली, मला ऐकू आलं.

दुसऱ्या शनिवारी मात्र कमाल केली. संध्याकाळ गप्प, जेवताना गप्प, रात्रभर आढ्याकडे बघत गप्प. सकाळी शेतावर गेले, तोंड उगवतीकडे करून बसले, कुदळ हातात घेतली आणि मोठ्यानं म्हणाले, "चला, जमलं एकदाचं!" मनकर्णाबाईंनी कपाळावर हात मारला. परतीच्या प्रवासात हे माझ्यावरच चिडले होते, की मी आठवण का नाही करून दिली.

तिसऱ्या वेळी आम्ही गेलो तेव्हा फेब्रुवारी अर्धा सरला होता. झाडांची पानं पिवळी पडून गळत होती, फळं लाल झाली होती. गोकुळ म्हणाला, "मावशी, आता फार दिस नाई राह्यले. बांधावरची मुळी आठ-पंधरा दिसात काढाच लागते, मंग ते जून होऊन लाकूड होते." ह्यांनी मान डोलावली आणि आवतण द्यायला गेले. परत आले ते ओठ घट्ट मिटून.

मनकर्णाबाई जयमालाबरोबर भाकरी टाकायला आत गेल्या. अंगणात बाजेवर आम्ही दोघंच होतो. ऊन उतरलं होतं, गोकुळच्या खळ्यात धुतलेल्या मुळ्या पसरल्या होत्या आणि त्यांचा घोड्याच्या अंगासारखा उग्र वास येत होता. मला उगीच बोलावंसं वाटलं. मी म्हणाले, "सकाळी तुम्ही उपम्यात मीठ जास्त आहे म्हणालात. मीठ बरोबर होतं. तुमच्या तोंडाला चव नाही."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं.

मला गंमत वाटली. मी आणखी सांगितलं, की बुलढाण्याच्या लग्नात गाडी चुकली ती माझ्यामुळे नाही, तुमच्यामुळे. की मला सिनेमातली गाणी आवडतात आणि तुम्ही आलात की मी रेडिओ बंद करते. वाक्यामागून वाक्य निघत होतं आणि प्रत्येक वाक्य मीच संपवत होते. लग्नाला अडतीस वर्षं झाली, हे सुख मला माहीतच नव्हतं. आणि मग, मी ठरवलं नव्हतं, पण तोंडातून निघालं, "इराशी मी रोज बोलते."

ह्यांची मान खाली गेली.

"तुम्ही सकाळी फिरायला जाता ना, पावणेसातला तिचा फोन येतो. दोन वर्षं रोज. तुम्ही कोपऱ्यावरून वळलात की मी फोन हातात घेऊन बसते. ती रोज पहिलं विचारते, बाबा झोपले का? मी रोज सांगते, नाही."

ह्यांनी हाताची मूठ केली. मला वाटलं आता हे बोलणार, आणि तिसरीही मुळी जाणार. पण मला थांबता येईना.

"त्या दिवशी ती तुम्हाला सांगायलाच आली होती. 'बाबा, तिथं मला' एवढे तीन शब्द बोलली. त्यापुढचं तुम्ही बोललात. तुम्हाला वाटलं, ती म्हणणार तिथं मला करमत नाही, तिथं मला काम पडतं. तसं काही नव्हतं हो. तो रोज तिचा फोन तपासायचा. कुणाशी बोललीस, का बोललीस. दोनदा त्यानं तिला बाहेर गॅलरीत उभं करून दार लावून घेतलं. दुसऱ्या वेळी थंडी होती आणि तिच्या अंगात ताप होता. शेजारच्या बाईनं दार वाजवलं तेव्हा उघडलं. हे तिला तुम्हाला सांगायचं होतं. मला नाही, तुम्हाला. कारण तुम्ही कायदा जाणता, तुम्ही काहीतरी कराल असं तिला वाटत होतं. तुम्ही तिला उंबऱ्यावर थांबवलंत. आणि मी मागे उभी होते, मीही काही बोलले नाही. त्याचा मला तुमच्याहून जास्त राग येतो. तुम्हाला झोप नाही हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. मीही दोन वर्षं नीट झोपलेली नाही. तुमची कूस बदलल्याचा आवाज मोजत पडते."

एवढं बोलून मी रडले. ह्यांच्या डोळ्यांतूनही पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. एकदा ओठ हलले. त्यांनी बांधाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझा हात हातात घेतला. तेवढ्यात मनकर्णाबाई ताटं घेऊन आल्या. आमच्याकडे पाहून त्यांनी भाकरीवर लोण्याचा गोळा थोडा मोठा ठेवला.

रविवारी सकाळी उजाडायच्या बेताला आम्ही शेतात गेलो. पुढे मनकर्णाबाई, मध्ये कुदळ घेतलेले हे, मागे मी. हे रात्रभर एकदाही बोलले नव्हते. बांधावर पाचही झाडांपाशी कालचं हळदकुंकू तसंच होतं. हे उगवतीकडे तोंड करून बसले. पूर्वेला लाली आली होती, सूर्य अजून वर यायचा होता. मनकर्णाबाईंनी खुणेनं सांगितलं, थोडं थांबा, कोर दिसू द्या.

आणि माझ्या पिशवीत फोन वाजला. पावणेसात वाजले होते. त्याचा आवाज बंद करायला मी विसरले होते. मनकर्णाबाई हातानं मला लांब जा म्हणत होत्या. मी गेले नाही. मी फोन घेतला आणि आवाज मोठा केला, म्हणजे ह्यांनाही ऐकू जाईल.

"आई, बाबा गेले का फिरायला?"

"नाही," मी म्हणाले. "इथंच आहेत. माझ्यासमोर."

इरानं विचारलं, "त्यांना ऐकू येतंय?"

"येतंय."

मग अगदी लहान आवाजात ती म्हणाली, "बाबा?"

हे कुदळीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांनी सांगत होते, सांग तिला. सांग की मला बोलायचं नाही, हे औषधाचं आहे, हा राग नाही. एका वाक्याचं काम होतं. मी बोललेलं चालत होतं. मी ते वाक्य बोलले असते तर मुळीही हातात आली असती आणि इराचाही गैरसमज झाला नसता.

मी बोलले नाही. देवाशपथ सांगते, मुद्दाम बोलले नाही.

"असू दे, आई," इरा म्हणाली. "नको त्यांना त्रास देऊ. ठेवते मी."

"ठेवू नकोस," हे म्हणाले.

आवाज बसलेला होता. रात्रभर न वापरलेला. त्यांनी घसा साफ केला, कुदळ बाजूला ठेवली आणि माझ्या हातातून फोन घेतला. "इरा, ठेवू नकोस. माझं चुकलं. त्या दिवशी तू काय सांगत होतीस ते सांग. पहिल्यापासून सांग. मी मध्ये बोलणार नाही."

सूर्याची कोर वर आली होती. मनकर्णाबाई माझ्याजवळ सरकल्या आणि हळूच म्हणाल्या, "गेली वं शरू, आजची बी मुळी गेली."

"जाऊ द्या," मी म्हणाले. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं.

आम्ही दोघी बांधाच्या टोकाला जाऊन बसलो. इरा काय बोलत होती ते तिथं ऐकू येत नव्हतं. पण हे बोलत नव्हते, एवढं दिसत होतं. एकदा ते बोलायला गेले आणि त्यांनी स्वतःच आपल्या तोंडावर हात ठेवला. मनकर्णाबाईंनी विचारलं, "पोरगी हाये काय?" मी हो म्हणाले. "काऊन रडून राह्यली मंग? चांगलं हाये नं?" मी पुन्हा हो म्हणाले. ऊन पाठीपर्यंत आलं तरी फोन चालूच होता. शेवटी ह्यांनी एवढंच विचारलेलं मला ऐकू आलं, "पुढच्या शनिवारी सुटी मिळेल का तुला?"

मनकर्णाबाईंच्या घरी आल्यावर गोकुळनं खळ्यातल्या चांगल्या जाड मुळ्या निवडून पिशवीत भरल्या. म्हणाला, "काका, हे घ्या. हेच मुळी हाये, बांधावरची नाई तर वावरातली. तीन डाव झाले, कायले आणखीन तरास?" मला वाटलं, हे घेतील. ह्यांनी पिशवी परत दिली.

"माझी मी नेईन, गोकुळ. शनिवारी येतो. आम्ही तिघं येऊ." मग मनकर्णाबाईंकडे वळून म्हणाले, "तोवर मुळी जून तर नाही होणार?"

"नाई होत आठ दिसात. पोरीले आणजा, मी पाहीन तिले."

"ती मुळ्या तपासते, तुम्हाला माहीत आहे? यंत्रावर. कुठल्या शेतातली मुळी किती कसाची, सगळं सांगते. तुमची मुळीही तिच्याकडून तपासून..." आणि ह्यांनी तहसिलीतल्यासारखं सविस्तर सांगायला सुरुवात केली. मनकर्णाबाई पदरात हात घालून ऐकत बसल्या. मी अडवलं नाही. दोन वर्षांनी हा माणूस मुलीचं कौतुक करत होता.

परतीची गाडी साखरखेर्ड्याहून दहाला निघाली. खिडकीची जागा मला मिळाली. गाडी गावाबाहेर पडली तसे हे म्हणाले, "बोल ना. काल संध्याकाळी बोलत होतीस तशी बोल. मी ऐकतो."

मला खूप बोलायचं होतं. इराची खोली झाडायची आहे, तिला आवडतात त्या शेंगोळ्या करायच्या आहेत, तुम्ही तिला फोनवर नक्की काय काय म्हणालात ते मला अक्षरानं अक्षर हवं आहे. मी "शनिवारी" एवढंच म्हणाले असेन. त्यानंतरचं मला काही आठवत नाही.

जाग आली तेव्हा गाडी देऊळगाव राजाच्या स्टँडवर उभी होती आणि बहुतेक लोक उतरले होते. माझं डोकं ह्यांच्या खांद्यावर होतं. कंडक्टर पुढून म्हणाला, "काकू, लई गाढ झोपल्या तुमी. मेहकरवाल्या पाहुण्यांची अन् एका मास्तरची शेतीच्या कायद्यावरून केवढी हुज्जत चालली होती पुढच्या सीटवर. सगळी गाडी भांडत होती."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. खांदा अवघडला होता, तो ते दुसऱ्या हातानं चोळत होते. चेहऱ्यावर रात्रीचं जागरण स्पष्ट दिसत होतं.

"तुम्ही नाही काही सांगितलंत त्यांना?" मी विचारलं. "शेतीचा कायदा, आणि तुम्ही गप्प?"

"दोघंही चुकीचं बोलत होते," हे म्हणाले. "पण मी बोललो असतो तर तुला जाग आली असती."